अलंकार आणि संहिता

अलंकार काव्याच्या बाहेरचे की काव्याच्या अंगचे, हा वाद आपल्या साहित्यशास्त्राला नवा नाही. संगणकाच्या पडद्यावरही तो एकदा रंगला, असे आम्हांस वाटते.

2006 च्या आरंभी नोव्हेल कंपनीतील डेव्हिड रेव्हमन यांनी लिनक्ससाठी 'कॉम्पिझ' खुले केले. ओढताना खिडक्या कापडासारख्या लवू लागल्या. चार डेस्कटॉप एका फिरत्या घनाच्या चार बाजू झाले. ही केवळ चमत्कृती नव्हती. खिडक्या पडद्यावर एकत्र मांडण्याचे काम मुख्य प्रोसेसरकडून ग्राफिक्स कार्डाकडे गेले होते.

त्याच वर्षी सप्टेंबरात 'बेरिल' ही शाखा फुटली. परवाना मुक्त असल्याने सोर्स कोड घेऊन वेगळे होण्यास कोणाची अनुज्ञा लागली नाही. 2007 मध्ये दोन्ही प्रवाह 'कॉम्पिझ फ्यूजन' या नावाने पुन्हा एकत्र आले, आणि ऑक्टोबरात आलेल्या उबुंटू 7.10 मध्ये, जमेल त्या यंत्रांवर, हे अलंकार आपोआप सुरू झाले.

तोवर ते बसवणे म्हणजे मांडणीची फाइल हाताने दुरुस्त करणे आणि योग्य ड्रायव्हर शोधणे. इंटेलचा ड्रायव्हर मुक्त होता; एनव्हिडियाचा बंदिस्त. मुक्त प्रणालीचे वैभव अनेकांच्या घरी अशा संहितेवर उभे राहिले, जी वाचण्याची त्यांना मुभा नव्हती. 2022 मध्ये एनव्हिडियाने तिचा लिनक्सच्या गाभ्याशी जोडणारा भाग तेवढा खुला केला.

अलंकार बाहेरचा की अंगचा, हे ठरवण्यापूर्वी त्याची संहिता आपल्याला वाचता येते का, हे विचारावे लागते.