ब्यूटनर गुरुजींचा वर्ग

एक ते शंभर या संख्यांची बेरीज लहानग्या गाउसने पाहता पाहता कशी केली, ही गोष्ट गणिताच्या बहुतेक शिक्षकांनी वर्गात एकदा तरी सांगितलेली असते. १ आणि १००, २ आणि ९९ अशा पन्नास जोड्या, प्रत्येक जोडीची बेरीज १०१, म्हणून उत्तर ५०५०. आम्हीही ती सांगत आलो आहोत. पण गोष्ट इथे थांबवली की त्या शाळेत पुढे काय झाले ते राहून जाते, आणि शिक्षकांच्या कामाचा भाग नेमका तोच आहे.

कार्ल फ्रीड्रिश गाउसचा जन्म १७७७ साली जर्मनीतील ब्रन्सविक येथे झाला. वडील गवंडीकाम, बागकाम अशी हाती येतील ती कामे करीत. आईला लिहिता येत नव्हते. १७८४ मध्ये, सातव्या वर्षी, तो सेंट कॅथरिनच्या शाळेत जाऊ लागला. ठेंगणी कोंदट खोली, शंभरेक मुले आणि हातात चाबूक घेऊन फिरणारे ब्यूटनर गुरुजी. असामान्य बुद्धीच्या मुलाला घालण्यासाठी ही शाळा आपल्यापैकी कोणी निवडली नसती!

दोनेक वर्षांनी तो अंकगणिताच्या वर्गात आला. तिथला रिवाज असा, की ज्याचे गणित आधी होईल त्याने पाटी टेबलावर पालथी ठेवायची, पुढच्याने आपली त्यावर. गणित सांगून होते न होते तोच गाउसने पाटी ठेवली आणि हात बांधून बसला. तासाच्या शेवटी पाट्यांची चळत उलटी केली, तेव्हा त्याच्या पाटीवर एकच संख्या होती, आणि ती बरोबर होती.

ही हकीकत गाउस म्हातारपणी सांगत असे. ती त्याच्या निधनानंतर १८५६ मध्ये सार्टोरिअस या त्याच्या स्नेह्याने छापली. त्यात अंकगणिती श्रेढीचा उल्लेख आहे, पण 'एक ते शंभर' कुठेच नाही! ती भर नंतरच्यांची. १९३७ मध्ये एरिक टेंपल बेल यांनी तर ८१२९७, ८१४९५ अशी १९८ च्या फरकाने वाढणारी शंभर पदे देऊन टाकली. (बेरीज ९१,०९,८००, विद्यार्थ्यांनी पडताळून पाहावी.) बेल यांनी ब्यूटनरना पशूच ठरवले आहे. आम्हाला तो निवाडा एकांगी वाटतो.

कारण याच गुरुजींनी हॅम्बुर्गहून अंकगणिताचे वरचे पुस्तक मागवून मुलाच्या हाती दिले. आपल्याजवळ याला शिकवण्यासारखे आता उरले नाही, हे चाबूकवाल्या माणसाने कबूल करणे सोपे नसावे. मुलाला संध्याकाळी घरी सूत कातावे लागे. त्यातून त्याला मोकळे करावे म्हणून त्यांनी वडिलांची समजूत घातली, असेही सांगतात.

वर्गात मार्टिन बार्टेल्स नावाचा मदतनीस होता. लेखण्या तासून द्यायच्या आणि लहान मुलांचे अक्षर वळवायचे, हे त्याचे काम. तो गाउसहून आठ वर्षांनी मोठा. त्यालाही गणिताचे वेड. दोघे मिळून पुस्तके वाचू लागले, आणि द्विपद प्रमेय व अनंत श्रेढींपर्यंत पोहोचले. आमच्या मते गाउसची खरी शाळा हीच. तिला वेगळी इमारत लागली नाही, की मुलाला वयापेक्षा मोठ्यांच्या बाकावर नेऊन बसवावे लागले नाही. मात्र ती तेवढीच पुरेशीही नव्हती. विद्वानांचे ग्रंथ लॅटिनमध्ये, आणि घरची भाषा तर गावाकडची जर्मन बोली. म्हणून ब्यूटनर आणि बार्टेल्स यांच्याच खटपटीने १७८८ मध्ये तो माध्यमिक शाळेत गेला आणि तिथे लॅटिन व प्रमाण जर्मन शिकला. १७९१ मध्ये ब्रन्सविकच्या ड्यूकपुढे त्याला नेण्यात आले, शिष्यवृत्ती मिळाली, आणि १७९५ मध्ये तो गॉटिंगेनला पोहोचला. पुढच्याच वर्षी त्याने सिद्ध केले की सतरा बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी व कंपास वापरून काढता येतो.

बार्टेल्स १८०८ मध्ये रशियातील कझान विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे त्यांच्यापुढे आणखी एक हुशार, गरीब घरचा मुलगा येऊन बसला. त्याचे नाव निकोलाय लोबाचेव्हस्की. युक्लिडपेक्षा वेगळी भूमिती मांडणारा तोच.