विश्वासराव वाचले असते तर?



आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, असं म्हणून आपण ‘जर-तर’ उडवून लावतो. आणि १४ जानेवारी आली की आपणच विचारतो, पानिपतावर विश्वासराव वाचले असते तर? जयंत नारळीकरांनी तर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत ती गोळी चुकवून मराठ्यांना जिंकवलंच. मी तत्त्वज्ञानाचा माणूस. मला हा प्रश्न पोरकट वाटत नाही. अमुक एक गोष्ट कारण होती असं म्हणायचं, तर ती काढून घेतल्यावर काय उरतं हे पाहावंच लागतं.

युरोपातही हाच प्रश्न विचारतात. जर्मनीचा सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा जेरुसलेम परत घ्यायला, तिसऱ्या क्रुसेडवर निघाला. १० जून ११९० रोजी, आजच्या तुर्कस्तानातल्या सालेफ नदीत तो बुडाला. लढाई हरला नव्हता बरं का! तरी फौज पांगली, कित्येक जण घरी परतले. तो जगला असता तर?

आता पानिपतावरून फक्त ती गोळी काढू. बाकी सगळं तसंच ठेवू. काय उरतं? १७६० च्या नोव्हेंबरपासून अडकून पडलेली छावणी उरते. दुआबातून रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, ते उरतं. सूरजमल जाट आधीच निघून गेलेला, राजपूत दूर राहिलेले. सोबत बायका-मुलं, यात्रेकरू. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, म्हणून १४ तारखेला फौज बाहेर पडली. म्हणजे लढाईचा दिवस अब्दालीनं नव्हे, भुकेनं ठरवला.

मग गोळीला काहीच मोल नाही? आहे ना. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली होती, दुपारपर्यंत पारडं आपल्याकडे झुकलेलं होतं. विश्वासराव पडले, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. रिकामी अंबारी दिसली आणि सैन्याचा धीर सुटला.

इथे सालेफ आणि पानिपत जवळ येतात. ‘तो जगला असता तर?’ याच्या आत दुसरा प्रश्न दडलाय: एक माणूस गेला तर सगळं का कोसळावं? अठरा वर्षांचा पोर नावाचा सेनापती, सूत्रं काकांच्या हाती, आणि दोघं दिसेनासे झाले तर पुढे हुकूम कोणाचा, याची व्यवस्था नाही. हा दोष गोळी सुटण्याआधीचा आहे. सगळा दोष गोळीवर टाकला की तो झाकला जातो.

आणखी एक. विश्वासराव परतले असते, तर नानासाहेबांनंतर गादी थोरल्या मुलाला मिळाली असती. म्हणजे माधवराव पेशवे झालेच नसते. सोळाव्या वर्षी गादीवर येऊन ज्यांनी मोडलेली घडी बसवली, ज्यांच्या काळात महादजींनी बादशहाला दिल्लीच्या तख्तावर परत बसवलं, ते माधवराव. एका ‘जर’नं एक भाऊ परत मागितला की दुसरा हातून जातो. ‘जर-तर’ फुकटात मिळत नाही, मंडळी.

तेव्हा हा प्रश्न जरूर विचारा. पण हळहळण्यासाठी नको, वजन करण्यासाठी विचारा.

थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.