फौजी बोली (अहिल्यानगर जिल्हा)

सैन्यात चाकरी करून गावी परतलेल्या माणसांच्या तोंडी टिकून राहिलेले शब्द, हुद्द्यांची नावे, संबोधने व लघुरूपे यांचा संग्रह. काटेकोर अर्थाने ही बोली नव्हे, कारण तिला स्वतःचे व्याकरण नाही. शब्द हिंदुस्तानी किंवा इंग्रजी आणि क्रियापद मराठी, अशी तिची बांधणी. 'सहाला फॉलिन आहे', 'सुट्टी कट झाली', 'रात्री गार्ड चढली', 'सॅल्यूट मारला' ही तिची नेहमीची वाक्ये. महाराष्ट्रात सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतही ती ऐकू येते. तेथे पायदळाचा रंग गडद आहे. अहिल्यानगरात रणगाडा आणि रेकॉर्ड ऑफिस या दोन गोष्टींनी तिला वेगळे वळण दिले. तिच्याविषयीच्या लेखनात मात्र बहुधा युद्धकथांचीच भर असते.

पार्श्वभूमी : अहमदनगरचा किल्ला १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने घेतला. तेव्हापासून शहराला आणि लगतच्या भिंगारला लष्कराची सोबत आहे. १९४८ मध्ये येथे चिलखती दलाचे केंद्र व प्रशिक्षणशाळा उभी राहिली. १९७९ मध्ये यांत्रिक पायदळाची रेजिमेंट स्थापन झाली; तिचे केंद्रही येथेच आहे. संरक्षण संशोधन संस्थेची वाहनविषयक प्रयोगशाळा ज्या वसाहतीत आहे तिचे नाव वाहननगर. एसीसी, एमआयआरसी, व्हीआरडीई ही लघुरूपे शहरात ठिकाणांची नावे म्हणून रुळली आहेत. रिक्षावाल्याला पूर्ण नाव सांगितले तर तोच उलट विचारील. खारेकर्जुने गावावरून ओळखले जाणारे गोळाबारीचे क्षेत्र सर्वतोमुखी 'के. के. रेंज' आहे. त्याच्या विस्तारासाठीच्या भूसंपादनाचा प्रश्न पारनेर, राहुरी व नगर तालुक्यांत वादाचा असून तो या नोंदीच्या कक्षेबाहेरचा आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये बदलले; जुन्या निवृत्तांच्या कागदांवर 'अहमदनगर' आहे आणि बोलण्यात नुसते 'नगर'.

जुने थर : हवालदार, सुभेदार, नाईक, रिसाला, लष्कर, छावणी हे शब्द मराठेशाहीच्या कागदपत्रांतून मराठीला परिचित होते. कंपनीच्या फौजेने त्यांतले काही उचलले, त्यांचे हुद्दे ठरवून दिले आणि ते पुन्हा खेड्यात आले. किल्ल्याचा हवालदार आणि पलटणीतला हवालदार यांच्यात नावापलीकडे फारसे साम्य नाही. पलटण, काडतूस, अर्दली, रंगरूट हे शब्द युरोपीय भाषांतून घासून आलेले. 'गारदी' या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) लष्करी शब्द विपुल आहेत. मोल्सवर्थ स्वतः कंपनीच्या फौजेतला अधिकारी होता, हे त्या कोशातून लष्करी शब्द काढताना ध्यानात ठेवणे बरे.

हुद्दे व संबोधने : पायदळात शिपाई, नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार अशी चढण आहे. चिलखती दलात घोडदळाची परंपरा असल्याने तेथे सवार, दफेदार, नायब रिसालदार, रिसालदार म्हणतात. घोडे जाऊन कित्येक दशके लोटली तरी रणगाडा चालवणारा अजून 'सवार'च आहे. 'सुभेदार साहेब' अशी हाक रिसालदाराला मारली तर तो ती दुरुस्त करतो. कनिष्ठ अधिकाऱ्यांना 'जेसीओ', हवालदारापर्यंतच्या हुद्देवाल्यांना 'एनसीओ', बाकीच्यांना 'ओआर'. पलटणीचा प्रमुख 'सीओ साब', त्याच्या हाताखालचा 'टूआयसी'. शिकवणारा तो 'उस्ताद', मग त्याचा हुद्दा कोणताही असो.

खेड्यात हा सगळा उतारचढाव एका शब्दात मावतो : मेजर. नाईक म्हणून घरी आलेल्यालाही पारावर 'काय मेजर, कधी आलात?' असेच विचारतात. हे 'हवालदार मेजर' किंवा 'सुभेदार मेजर' यातून आले असावे. कमिशन घेतलेला खरा मेजर गावी आला की त्याची पंचाईत होते. त्याला वेगळी हाक उरत नाही, म्हणून तो 'मोठे साहेब' होतो. सैन्यात असलेला माणूस गावच्या भाषेत 'मिलिट्रीत' असतो, स्वतःच्या भाषेत 'सर्व्हिसला' असतो, आणि बाकीचे सगळे जग त्याच्या लेखी 'सिव्हिल'.

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाला सैन्यात 'गणपत' म्हणण्याचा प्रघात आहे. तो मायेचा मानावा की वरून पाहणारा, याबद्दल निवृत्तांत मतभेद आढळतात. पलटणींची टोपणनावे मात्र अभिमानानेच सांगितली जातात : पहिली मराठा ती 'जंगी पलटण', दुसरी 'काली पाँचवी'.

रणगाड्याची भाषा : जिल्ह्याचे खरे वैशिष्ट्य येथे आहे. चालक, गनर, लोडर आणि कमांडर या चौघांना मिळून 'क्रू' म्हणतात. विजयंता रणगाड्यात हे चौघे असत. त्याची तोफ १०५ मिलिमीटरची. गोळा हाताने भरावा लागे. रशियन बनावटीच्या टी-७२ मध्ये १२५ मिलिमीटरची तोफ आपोआप भरली जाते, त्यामुळे तेथे तिघेच, लोडर गेला. भारतीय बनावटीच्या अर्जुनात तो पुन्हा आला. म्हणून 'मी लोडर होतो' एवढ्या एका वाक्यावरून निवृत्ताने कोणते रणगाडे पाहिले असतील याचा अदमास बांधता येतो. गोळ्यांची नावेही अशीच लघुरूपांची : सॅबो, हीट, हेश. पैकी सॅबो हे लघुरूप नसून फ्रेंच शब्द आहे. पण तो इतर दोहोंच्या पंक्तीत बसून गेला आहे. यांत्रिक पायदळाच्या 'बीएमपी' वाहनाचे नाव रशियन आहे : बोयेवाया मशिना पेखोती, म्हणजे पायदळाचे लढाऊ वाहन. ही तीन अक्षरे रोज उच्चारणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्यांची फोड ठाऊक असते, आणि न कळल्यामुळे कोणाचे काही अडलेले नाही.

रणगाड्यावर काम करताना घालायचा एकसंध काळा पोशाख 'डांगरी'. गाडी चालवणे व तिची निगा हा विषय 'डी अँड एम'. गाडी सुरू करण्याआधी तेल, पाणी, ट्रॅक पाहणे ही 'फर्स्ट परेड', वाटेत थांबून पाहणे ही 'हॉल्ट परेड', काम संपल्यावर पाहणे ही 'लास्ट परेड'. ट्रॅक्टर घेऊन शेती करणाऱ्या निवृत्त चालकाच्या तोंडी हे शब्द सहज बसतात. जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध माजी सैनिक अण्णा हजारे हेही सैन्यात वाहनचालक होते; १९६५ च्या युद्धात ते खेमकरण भागात होते. १९९४ मध्ये उघडलेल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात शर्मन, सेंच्युरियन, पॅटन, विजयंता हे सारे एका आवारात उभे आहेत. निवृत्त सवाराबरोबर तेथे फिरल्यास वरील शब्दांपैकी बहुतेक तासाभरात कानी पडतात. फलकांवर ते नाहीत.

बरॅक, लंगर, शिक्षा : स्वयंपाकघर व जेवण दोन्ही 'लंगर', त्याचा कारभारी 'लंगर कमांडर'. साहेब आणि जवान एकत्र जेवतात तो 'बडा खाना'. शस्त्रे ठेवण्याची खोली 'कोत'. अंगमेहनतीचे वरकाम 'फटीक'. साधे कपडे 'मुफ्ती'. सीओ सर्वांना एकत्र बोलावून बोलतो ते पूर्वी 'दरबार', आता 'सैनिक संमेलन'. जुने लोक दरबारच म्हणतात. कठोर सराव अथवा शिक्षा म्हणजे 'रगडा'. पाठीवर बोजा बांधून पळवणे म्हणजे 'पिठ्ठू परेड'. गुन्हेपत्रातील गंभीर नोंद 'रेड इंक' किंवा 'रेड एंट्री'. अशा चार झाल्या की घरी पाठवण्याचा विचार सुरू होतो, त्यामुळे 'त्याच्या तीन झाल्यात' एवढे म्हटले तरी पुरते. तब्येतीचा उत्तम दर्जा 'शेप वन', त्याखालचा 'एलएमसी'. आजाऱ्याने आधी 'एमआय रूम'ला जायचे, तेथून गरज पडली तर 'एमएच'ला, म्हणजे लष्करी रुग्णालयात.

शिव्यांचा भाग मोठा आहे. तो येथे घेतलेला नाही.

नौदल व हवाई दल : जिल्ह्यातून तेथे गेलेल्यांची बोली निराळी असून तिची वेगळी नोंद व्हावयास हवी.

पत्त्याची लघुरूपे : मोबाइल येण्याआधी जवानाच्या घरी एकच पत्ता पाठ असे : नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ'. एपीओ म्हणजे सैन्याचे टपाल कार्यालय. ढोबळमानाने ५६ उत्तर व पश्चिम सीमेकडचे, तर ९९ पूर्वेकडचे. गावाचे नाव पत्त्यात नसे, कारण ठिकाण गुप्त ठेवायचे. तरीही आकडा बदलला की मुलगा काश्मीरकडून आसामकडे गेला, एवढे घरच्यांना कळे. लिहिता न येणाऱ्या आयासुद्धा 'छप्पन एपीओ' स्पष्ट म्हणत. सेना डाक सेवेचे केंद्र महाराष्ट्रातच, कामठी येथे आहे.

निवृत्तीनंतरची लघुरूपे : शिपाई पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आत घरी येतो. पुढची तीस-चाळीस वर्षे तो पेन्शनर असतो. त्याच्या आयुष्यात रगडा आणि लंगर यांपेक्षा 'पीपीओ' (पेन्शनचा हुकूम) हा शब्द कितीतरी अधिक काळ राहतो. फौजी बोलीचा हा भाग कोरडा वाटतो म्हणून बहुतेक संग्राहक तो सोडून देतात. प्रस्तुत नोंदकाराच्या मते तोच तिचा मुख्य भाग आहे.

चिलखती दल आणि यांत्रिक पायदळ या दोहोंची अभिलेख कार्यालये नगरात आहेत. पंजाब, हरियाणा, राजस्थानातल्या गावांत बसलेला निवृत्त सवारही 'रेकॉर्डला लिहिले' म्हणतो तेव्हा पाकिटावर नगरचाच पत्ता असतो. येथून निघणाऱ्या कागदांची नावे अशी : नोकरीतील प्रत्येक वैयक्तिक बदलाची नोंद ती 'पार्ट टू ऑर्डर'; कुटुंबीयांचा तपशील तो 'किंड्रेड रोल'; सेवेचा गोषवारा 'शीट रोल'; घरी येताना हातात पडते ते 'डिस्चार्ज बुक'; पेन्शनचा हुकूम 'पीपीओ', आणि त्यातली चूक सुधारणारा 'कॉरिजेंडम'. वारसाला 'एनओके' म्हणतात. पेन्शनचा काही भाग एकरकमी घेणे याला कागदावर 'कम्युटेशन' आणि गावात 'पेन्शन विकली' असे म्हणतात. विकलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. 'ओआरओपी' म्हणजे समान हुद्दा, समान पेन्शन. घोषणा २०१५ ची, अंमल १ जुलै २०१४ पासून. 'ईसीएचएस' ही २००३ पासूनची वैद्यकीय योजना. 'स्पर्श' हे पेन्शनचे नवे संगणकीय दालन.

अपंगत्व पेन्शनच्या वादात एक लघुरूप निर्णायक ठरते : 'नाना'. दुखापत किंवा आजार सेवेमुळे झाला नाही आणि सेवेमुळे बळावलाही नाही, असा वैद्यकीय मंडळाचा शेरा. मराठी घरात हा शब्द पहिल्यांदा वाचताना हसू येते. त्यापुढचा रस्ता सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे, म्हणजे 'एएफटी'कडे जातो.

कॅन्टीनची भाषा सर्वांत लोकप्रिय. 'सीएसडी' हे खाते, 'यूआरसी' हे प्रत्यक्ष दुकान, 'एएफडी' म्हणजे आगाऊ मागणी नोंदवून घ्यायच्या मोठ्या वस्तू, आणि 'कोटा' म्हणजे कशाचा ते सांगावे लागत नाही. दुसऱ्या नोकरीची लघुरूपे 'डीएससी' (संरक्षण सुरक्षा दल) आणि 'मेस्को'. पैकी मेस्को हे राज्याचे माजी सैनिक महामंडळ असून बँका व कारखान्यांच्या फाटकांवरील सुरक्षारक्षकांमुळे हा शब्द सैन्याबाहेरही पोहोचला आहे.

या भागाच्या खऱ्या जाणकार बहुधा विधवा असतात. शहीद जवानाच्या पत्नीला 'वीरनारी' म्हणतात. नैसर्गिक मृत्यू झालेल्याच्या पत्नीला असे खास नाव नाही, पण कागद तेच. लग्नात नाव बदलण्याच्या मराठी रिवाजामुळे पार्ट टू ऑर्डरमध्ये एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरे, ही अडचण नेहमीची. रोमन लिपीत लिहिताना एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले तरी कुटुंब पेन्शन अडकते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पती गेल्यानंतर पहिल्यांदा आलेली बाई 'ते कागद' म्हणते. काही महिन्यांनी तीच 'पीपीओत माझं नाव नाही, आधी पार्ट टू काढून घ्या' असे दुसरीला समजावते. पतीच्या नोकरीच्या काळात हे शब्द तिच्या कानावर क्वचितच पडलेले असतात.

अलीकडील बदल : २०२२ च्या अग्निपथ योजनेनुसार भरती झालेले अग्निवीर चार वर्षे सेवा करतात. त्यांतले पंचवीस टक्क्यांपर्यंत पुढे कायम होतात. उरलेल्यांना पेन्शन आणि ईसीएचएस नाही. त्यांच्या बोलण्यात रगडा, लंगर आणि कोत येतील. पीपीओ येणार नाही.