आयपी पत्ता बदलणे (घरगुती इंटरनेट जोडणी)

घरच्या इंटरनेट जोडणीला कंपनीने दिलेला बाहेरचा आयपी क्रमांक सोडून त्याजागी दुसरा घेणे. या नोंदीतील दाखले बावडा (ता. इंदापूर, जि. पुणे) या नीरेकाठच्या गावाचे आहेत. कोल्हापूरचा कसबा बावडा किंवा गगनबावडा येथे अभिप्रेत नाही.

‘पत्ता’ हा शब्द येथे जरा फसवा आहे. ‘मु. पो. बावडा’ हा पत्ता जमिनीला बांधलेला असतो. संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला सहा अंकी पिन कोडही तसाच जमिनीला बांधलेला. आयपी क्रमांकाचा सातबारा मात्र कंपनीच्या नावावर असतो आणि ग्राहक खंडकरीही नसतो. एसटीत मिळालेल्या सीटवर आपण उतरलो की दुसरा बसतो, तसा हा व्यवहार आहे. योगायोग असा, की भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटही १५ ऑगस्टलाच, १९९५ साली, विदेश संचार निगमने सुरू केले. त्या डायल-अपच्या काळात फोन लावला की बहुधा नवा क्रमांक मिळे आणि पत्ता बदलण्याचा वेगळा विचार करावा लागत नसे.

घरात पत्ते दोन असतात. मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप यांना राउटर १९२.१६८.१.५ अशासारखे क्रमांक वाटतो. हे खाजगी वापरासाठी राखलेले क्रमांक (सध्याचा नियम फेब्रुवारी १९९६ चा) असून बावड्यात आणि ब्राझीलमध्ये एकाच वेळी तेच असू शकतात. मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन हा आकडा बदलणारे पुष्कळ जण आढळतात, पण त्याने बाहेरच्या जगाला काहीही वेगळे दिसत नाही. बदलायचा असतो तो राउटरच्या पलीकडचा, कंपनीकडून आलेला पत्ता.

तो बदलण्याचा रूढ उपाय म्हणजे नेटवाल्याचे ठरलेले वाक्य: ‘राउटर ऑफ-ऑन करा.’ ते किती लागू पडेल हे जोडणीच्या प्रकारावर ठरते. युजरनेम-पासवर्ड घालून जोडणी उभी राहत असेल (पीपीपीओई), तर प्रत्येक नव्या लॉगिनला साठ्यातला वेगळा क्रमांक मिळण्याची शक्यता मोठी असते. क्रमांक मुदतीवर दिला जात असेल (डीएचसीपी), तर निम्मी मुदत सरताच राउटर स्वतःहून ती वाढवून मागतो. त्यामुळे दोन मिनिटे बंद ठेवून जुनाच क्रमांक परत येतो. मुदत संपेपर्यंत, कधी रात्रभर, राउटर बंद ठेवावा लागतो. काही कंपन्या राउटरच्या मॅक क्रमांकावरून (यंत्राच्या स्वतःच्या ओळखक्रमांकावरून) ग्राहक ओळखतात. तेथे मॅक बदलला की नवा पत्ता मिळतो, किंवा नेटच बंद पडून नेटवाल्याला फोन करावा लागतो. गावात लाइट गेली आणि राउटर इन्व्हर्टरवर नसला, की हे सगळे कोणी न सांगता घडते. पत्ता बदलणारा सर्वांत नियमित कारागीर वायरमनच म्हणायचा.

अलीकडे मात्र या ऑफ-ऑनचा अर्थच पातळ झाला आहे. चौथ्या आवृत्तीच्या आयपी पद्धतीत एकूण ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक आहेत. त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचे मोकळे वाटपही थांबले. म्हणून अनेक कंपन्या एका सार्वजनिक क्रमांकामागे पुष्कळ घरे बसवतात. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. वाड्या-वस्त्यांची पत्रे गावातल्या एकाच किराणा दुकानात येत आणि दुकानदार ज्याची त्याला देई, तसे हे काम चालते. एका क्रमांकावर ६५,५३६ पोर्ट, म्हणजे दुकानातले क्रमांक घातलेले कप्पे, असतात. घरटी हजार दिले तरी साठाहून अधिक घरे त्यात मावतात.

आपण अशा दुकानामागे आहोत का, हे पाहणे सोपे आहे. राउटरच्या पानावरील बाहेरच्या जोडणीचा क्रमांक १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, किंवा १० ने, आणि पत्ता दाखवणाऱ्या संकेतस्थळावर दुसराच आकडा दिसत असेल, तर उत्तर ‘हो’. मग शेजारच्या गल्लीतील कोणाच्या व्हायरस लागलेल्या संगणकामुळे आपल्याला वारंवार ‘मी रोबोट नाही’ म्हणावे लागते, किंवा एखादा गेम सगळ्यांनाच बाहेर ठेवतो. राउटर बंद-चालू करून त्याच दुकानाच्या दुसऱ्या दारातून बाहेर पडता येते, एवढेच.

सहाव्या आवृत्तीत क्रमांकांचा दुष्काळ नाही. तेथे घराला पत्त्यांचा मोठा गट मिळतो आणि मोबाईल-संगणक आपल्या पत्त्याचा शेवटचा भाग अधूनमधून स्वतःच बदलतात. पुढचा भाग घराचाच राहत असल्याने पाहणाऱ्याला घर कळायचे ते कळते.

तातडीची गरज असेल तर मोबाईलचा हॉटस्पॉट वापरणे सर्वांत सरळ. विमान मोड लावून काढला की त्याचाही पत्ता बहुधा बदलतो. व्हीपीएनमध्ये समोरच्याला व्हीपीएनवाल्याचा पत्ता दिसतो, मूळ पत्ता जागचा हलत नाही. जो भरवसा नेटवाल्यावर नव्हता तो अनोळखी कंपनीवर टाकला जातो. फुकटच्या व्हीपीएनबाबत हे विशेष ध्यानात घ्यावे.

पत्त्यावरून गाव कळते हा समजही तपासून घ्यावा. बावड्यातल्या जोडणीचे ठिकाण कधी पुणे, कधी मुंबई दिसते, कारण अंदाज घेणाऱ्यांच्या यादीत क्रमांकापुढे कंपनीच्या केंद्राचे शहर असू शकते. पत्ता बदलल्यावर शहर बदलले म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

आयपी पत्ता बदलणे हा भारतात गुन्हा नाही. त्याआड केलेली फसवणूक गुन्हा आहे. संगणक वापरून तोतयेगिरीने फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोणता क्रमांक कोणत्या क्षणी कोणाकडे होता याच्या नोंदी कंपन्यांना ठेवाव्या लागतात, आणि डिसेंबर २०२१ पासून ती मुदत किमान दोन वर्षे आहे. सीजीनॅटमागे पोर्ट आणि अचूक वेळ हाती असल्याशिवाय तपास पुढे सरकत नाही.

उलट मागणीही असते: पत्ता बदलूच नये अशी. कृषी सेवा केंद्राचा किंवा दूध संकलनाचा सीसीटीव्ही अकलूजहून थेट पाहायचा तर स्थिर सार्वजनिक पत्ता लागतो, आणि त्याला बहुधा वेगळे पैसे पडतात. आता बरेच कॅमेरे कंपनीच्या क्लाउडमार्फत दिसतात, त्यामुळे ही गरज कमी झाली आहे. ज्यांनी स्थिर पत्ता घेतला आहे, त्यांनी डीव्हीआरचा आणि राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. असे उघडे दरवाजे शोधणारे प्रोग्रॅम सगळे क्रमांक ओळीने ठोठावत फिरत असतात.