जुडीचा दाखला आणि घरपट्टीची थकबाकी

वस्तीत घरपट्टीचा विषय निघाला की दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. एक, ‘सरकारने पट्टा दिला नाही, मग पट्टी कशाची भरायची?’ दुसरे, ‘निवडणूक आली की माफ होईल.’ आपले काही कार्यकर्ते याच्याही पुढे जातात. कर न भरणे हाच विद्रोह, असे ते सांगतात आणि बाबासाहेबांनी जुडीला केलेल्या विरोधाचा दाखला देतात. हा दाखला अर्धवट आहे, म्हणून आधी तोच तपासू.

महार वतनाची जमीन सवलतीच्या साऱ्यावर मिळे. तो सारा म्हणजे जुडी. साऱ्याचा उरलेला हिस्सा महार माणूस चाकरी करून फेडत असे, रात्री-अपरात्री, सरकारची आणि गावाचीही. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यात त्यांनी काय मागितले? पूर्ण सारा घ्या, पण आम्हाला चाकरीतून मोकळे करा. म्हणजे जास्त कर भरायची तयारी दाखवून त्यांनी स्वातंत्र्य मागितले होते. पुढे चाकरी कायम ठेवूनच जुडी वाढवली गेली, तेव्हा ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नरच्या परिषदेत त्यांनी तिच्याविरुद्ध लढ्याचा इशारा दिला. दोन्ही वेळा मुद्दा हिशेबाचा होता. घेता किती, कशाच्या आधारावर आणि बदल्यात देता काय?

महाडकडेही या नजरेने बघायला हवे. १९२३ चा बोले ठराव सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि राखलेल्या पाणवठ्यांबद्दल होता. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केले आणि सत्याग्रहानंतर, ४ ऑगस्ट १९२७ रोजी, तो ठराव रद्द केला. विरोधक कोर्टात गेले ते तळे खासगी आहे असे सांगत. १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागेपर्यंत दहा वर्षे गेली. सार्वजनिक तिजोरीवर सर्वांचा हक्क, हे तिथे कमावलेले आहे. त्याआधी जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हॉइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये उधळायला त्यांनी विरोध केला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणाले. करदात्याच्या पैशाचा पहारेकरी कसा असावा, ते त्यांनी दाखवले.

आता आपल्या गोंदियाकडे. वतनाची जी घडी पश्चिम महाराष्ट्रात होती, ती पूर्व विदर्भात नव्हती. इथे मालगुजारी होती. आबादीची जागा मालगुजाराची, तिच्यावरचे झोपडे आपले. १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली आणि मालगुजाराचे हक्क सरकारकडे गेले. गावातून रेल्वेत, बिडी कारखान्यांत, राईस मिलमध्ये काम शोधत लोक गोंदियात आले आणि मोकळी जागा दिसली तिथे घर उभे केले. घर आपले, खालची जमीन दुसऱ्याची, ही गोष्ट अशी जुनी आहे. पट्ट्याचा राग म्हणूनच खरा आहे.

पण तो राग घरपट्टीवर काढला तर नुकसान आपलेच. घरपट्टीच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही, हे खरे. मात्र १ जानेवारी २०११ पूर्वीचे सरकारी जागेवरचे निवासी अतिक्रमण नियमानुकूल करण्याचे धोरण राज्याने २०१८ मध्ये आणले. तिथे ‘तेव्हा तुम्ही इथे राहत होता काय’ हाच पहिला प्रश्न असतो. उत्तर द्यायला जुनी कर पावती लागते. ज्याने ती जपली नाही, तो साक्षीदार शोधत फिरतो.

थकबाकीचे गणितही समजून घ्या. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे थकीत करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते. समजा ५,००० रुपये पाच वर्षे थकले. शास्ती ६,००० होते, मुद्दलापेक्षा जास्त. बिलानंतर मागणीची नोटीस, तिच्यानंतर जप्तीचे वॉरंट. थकीत कर हा त्या घरावरचा बोजा असतो. घर विकले, मुलांत वाटले, तरी तो घरासोबत जातो. वडील वारून वर्षे झाली तरी बिल त्यांच्याच नावाने येते आणि ‘माझ्या नावाचे नाही’ म्हणून मुलगा ते बाजूला ठेवतो, हे वस्तीत फार दिसते. नाव चढवून घेणे हे त्यावरचे पहिले काम. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्राचे अनुदान मालमत्ता कराच्या वाढत्या वसुलीशी जोडल्यापासून नगरपरिषदांना वसुलीत ढिलाई परवडत नाही. तेव्हा ‘माफ होईल’ हे विसरा. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने नगरपरिषदांसाठी अभय योजनेला मंजुरी दिली, तीही शास्तीचा काही भाग सोडण्यासाठी. मूळ कर भरावाच लागतो.

याहून मोठी गोष्ट मताची आहे. इंग्रजी अमलात मताचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण यांवर मोजला जाई. २७ जानेवारी १९१९ ला साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी ही अट खाली आणा म्हणून सांगितले. सायमन आयोगापुढे १९२८ मध्ये त्यांनी थेट प्रौढ मताधिकार मागितला. १९५४ मध्ये ते भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीला उभे राहिले, तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते. ते हरले, पण बिनपट्ट्याच्या झोपडीतल्या बाईनेही त्या दिवशी मत दिले असेल, आणि तिची पावती कोणी विचारली नाही.

मताला लागलेली ती अट गेली. उमेदवारीला मात्र ती आजही आहे. बिल बजावल्यानंतरही नगरपरिषदेची रक्कम थकवणारा माणूस सदस्य व्हायला अपात्र ठरतो. छाननीत हरकत घ्यायला विरोधकाला एवढे पुरते. प्रभाग अनुसूचित जातीसाठी राखीव असतो, आणि आपला चांगला कार्यकर्ता घरपट्टीच्या कागदावर बाद होतो. मग कोण निवडून येतो, ते सांगायला नको.

कर चुकीचा लागला असेल तर भांडायचेच, पण वेळेत. चतुर्थ वार्षिक आकारणीची यादी प्रसिद्ध झाली की हरकतीसाठी किमान तीस दिवस मिळतात. मातीच्या घराला पक्क्या घराचा दर लागला काय, क्षेत्रफळ जास्त धरले काय, भाडेमूल्यातून दुरुस्तीची दहा टक्के वजावट दिली काय, हे तेव्हाच बघायचे. हरकत न घेता पुढे अपील करायला गेले तर दार बंद असते, आणि अपिलासाठी मागितलेली रक्कमही आधी जमा करावी लागते. म्हणून सिंगलटोली असो की भीमनगर, प्रत्येक बुद्धविहारात यादीच्या त्या तीस दिवसांत संध्याकाळी दोन शिकलेली पोरे मोजपट्टी आणि हरकतीचे कोरे अर्ज घेऊन बसली पाहिजेत. घरोघरची जुनी बिले त्याच वेळी एका फाईलला लावून घ्यावीत.