कारखाना गेला, गाडी राहिली

सध्या पोस्टिंग बंगळुरूला आहे. इथल्या ट्रॅफिकबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी एका जुन्या मोटारसायकलीबद्दल लिहितो. रविवारी सकाळी रस्ते मोकळे असले की दोन सायलेन्सरच्या जावा-येझदी अजून दिसतात. त्या बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. म्हणजे आज धावणाऱ्या जवळपास प्रत्येक गाडीत बाहेरचं काही ना काही बसलेलं आहे. 'कंपनीचा सोडून बाहेरचा पार्ट टाकावा का?' हा प्रश्न नव्या गाडीच्या बाबतीत हौसेचा असतो. या गाड्यांच्या मालकांना तो टाळताच आला नाही. त्यामुळे उत्तर शोधायला इतकी चांगली जागा दुसरी नाही.

आधी थोडा इतिहास. रुस्तम आणि फारोख इराणी यांनी १९६० मध्ये आयडियल जावा ही कंपनी काढली. चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्यावर १९६१ पासून म्हैसूरला गाड्या तयार होऊ लागल्या. कारखान्याचं उद्घाटन जयचामराजेंद्र वाडियार यांनी केलं. बंगळुरूचा जे. सी. रोड त्यांच्याच नावाचा, आणि गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजारही तिथेच. १९७३ पासून टाकीवर 'येझदी' हे नाव आलं. यंत्र साधं होतं: अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सहा व्होल्टची वीज, किक आणि गिअर एकाच लिव्हरवर.

कारखाना गेल्यावर सुटे भाग मिळण्याच्या वाटा तीनच उरल्या: दुकानदारांकडचा शिल्लक माल, भंगारात निघालेल्या गाड्या आणि छोट्या कारखान्यांनी केलेल्या नकला. पहिल्या मालाला सगळ्यात जास्त भाव मिळतो, पण 'ओरिजिनल' या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. क्रँकचं रबरी सील डब्यात पडूनही कडक होतं. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधून जातं. सील गळलं की बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं. तीस वर्षं जुन्या अस्सल सीलपेक्षा आजचं चांगल्या रबराचं नकली सील बरं. लोखंडी भागांचं उलट आहे. जुना अस्सल गिअर थोडा झिजलेला असला तरी कच्च्या पोलादाच्या नव्या गिअरपेक्षा जास्त चालतो.

आता खरा हिशेब. जुन्या गाडीत ठिणगी पाडायला पॉइंट असतात. ते जळतात, त्यांच्यातली फट बदलते आणि दर काही महिन्यांनी घासून पुन्हा लावावी लागते. कंटाळवाणं काम आहे. म्हणून बरेच जण इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतात. घासायला काही उरत नाही, गाडी एका किकमध्ये सुरू होते. पण पॉइंट बिघडताना आधी सांगतात: गाडी अडखळते, पहिल्या किकला दाद देत नाही. मग ती रस्त्याकडेला सँडपेपरच्या तुकड्याने ठीक होते. इलेक्ट्रॉनिक डबी बहुधा एकदम बंद पडते, आणि ती उघडून उपयोग नसतो. देखभाल कमी झाली हे खरं. पण ती नाहीशी झाली नाही. रोजची थोडी कटकट गेली आणि तिच्या जागी क्वचितचा मोठा खोळंबा आला.

दिव्याचंही तसंच. ३५ वॅटचा दिवा सहा व्होल्टवर सुमारे सहा अँपिअर ओढतो आणि बारा व्होल्टवर तीन. करंट निम्मा झाला की जुन्या तारांमध्ये कमी वीज वाया जाते आणि उजेड वाढतो. रात्री चालवणाऱ्याला हा बदल मी आनंदाने सुचवीन. मात्र बारा व्होल्ट एकटे येत नाहीत. त्यांच्याबरोबर बॅटरी, बल्ब, हॉर्न, इग्निशन कॉइल, रेग्युलेटर आणि बहुतेक वेळा वीज तयार करणारा भागही बदलावा लागतो. एक पार्ट घेतला असं वाटतं, घरी येतं सगळं वऱ्हाड.

सगळ्यात महागात पडतो तो सगळ्यात स्वस्त बदल: उघडा एअर फिल्टर. हवा जास्त येते, आवाज भारदस्त होतो. पण कार्ब्युरेटरचा जेट त्या हवेच्या हिशेबाने बदलला नाही तर मिश्रण पातळ होतं. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोकमध्ये इंजिन तापतं, तरी तेलाची सोय वेगळी असते. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. पिस्टन धरला तर मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं. ताशी ८० च्या वेगात, मागे ट्रक असताना, क्लच दाबायला क्षणभरच मिळतो.

लष्करात युनिटच्या गाडीवर स्वतःच्या हौसेने काही बसवायची मुभा नसते. तरुणपणी हा नियम कोता वाटतो. पण दहा गाड्यांच्या क्लच केबल एकसारख्या असतील तर दोन जादा केबलवर काम भागतं. दहा जणांनी दहा प्रकार बसवले तर दोन केबलवर भागत नाही. बुलेटचंच बघा. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली, आणि मूळ इंग्लंडचं ते लोखंडी सिलिंडरचं इंजिन किरकोळ फरकांनी अर्धशतकाहून जास्त काळ बनत राहिलं. तंत्र मागे राहिलं हा आरोप खरा आहे. पण त्यामुळेच ते इंजिन ओळखणारा मेकॅनिक गावोगावी तयार झाला.

माझ्याकडचे सांगली-कोल्हापूरचे एक-दोन जवान रजेवर मोटारसायकलने जातात. रस्ता सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. निघण्याआधी कोणीतरी नवा फिल्टर नाहीतर डबी दाखवतो. "साहेब, याने पिकअप वाढतो म्हणतात." मी नाही म्हणत नाही. एवढंच विचारतो: हा बिघडण्याआधी इशारा देतो का? बिघडला तर हिरियूरचा नाहीतर राणेबेन्नूरचा मेकॅनिक तो दुरुस्त करील का? याच्यामुळे आणखी काय काय बदलावं लागलं? आणि जुना भाग परत बसवता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर जुना भाग, दोन पाने आणि एक प्लग पिशवीत टाकून निघावं. 'नाही' असेल तर तो पार्ट आधी महिनाभर बंगळुरूतच चालवून बघावा, जिथून गाडी ढकलत घरी आणता येते. मग खुशाल लांब जावं.