मांडी आणि खुर्ची

गाडीत लहान मुलांना बसवायची जी खास खुर्ची असते, तिला हल्ली सगळेच 'कार सीट' म्हणतात. मीही तेच म्हणते. तिचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा वाटलं होतं, लोखंड, प्लॅस्टिक आणि पट्ट्यांबद्दल काहीतरी रुक्ष वाचायला मिळेल. पण वाचत गेले तसं दिसलं, की या खुर्चीला सगळ्यात जास्त काळ झुंजावं लागलं ते मांडीशी. आईच्या, आजीच्या, मावशीच्या मांडीशी.

वाचायला घेण्याचं कारण घरचंच. माझ्या भाचीचा मुलगा आठ महिन्यांचा झालाय. दिवाळीत सगळे पुण्याहून कोल्हापूरला जाणार आहेत आणि भाचीने कार सीट आणून ठेवलीये. ताईचं म्हणणं, "अगं, तुम्हा सगळ्यांना मांडीवर घेऊन आम्ही घाट चढलो आणि उतरलो, काय झालं? आजीची मांडी असताना त्याला त्या खोक्यात काय बांधायचं?" भाची गप्प बसली आणि मला फोन केला. "मावशी, तू वाचतेस ना सगळं, मग आईला तूच सांग." तर ताई, हे मुख्यतः तुझ्यासाठी. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही :)

पहिली गंमत अशी, की सुरुवातीच्या कार सीट्सचा सुरक्षिततेशी काही संबंधच नव्हता. १९३० च्या दशकात अमेरिकेत मुलांसाठी गाडीतल्या खुर्च्या मिळू लागल्या. मूल उंचावर बसावं, त्याला बाहेरचं दिसावं आणि आईबापांना ते दिसावं, एवढाच हेतू. पुढे लोखंडी सांगाडा आणि कापड असलेल्या, गाडीच्या सीटच्या पाठीला आकड्यांनी अडकवायच्या खुर्च्या आल्या. काहींना खेळण्यातलं स्टीअरिंगसुद्धा असे. मूल इकडेतिकडे रांगू नये म्हणून केलेली सोय ती. गाडी धडकली तर आकडे निसटणार आणि खुर्चीसकट मूल पुढे जाणार.

अर्थात तेव्हा मोठ्यांची तरी काय सोय होती? व्होल्वो कंपनीतल्या नील्स बोलिन या इंजिनिअरने खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, तीन ठिकाणी अडकवलेला पट्टा आणला तो १९५९ साली. आज आपण लावतो तो हाच. कंपनीने त्याचं पेटंट इतरांना वापरू दिलं, म्हणून तो जगभर गेला. पण हा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा. मुलाच्या तो गळ्यावरून आणि पोटावरून जातो.

मुलांचा वेगळा विचार १९६० च्या दशकात सुरू झाला. त्यातलं मला सर्वात आवडलेलं नाव म्हणजे स्वीडनचे बर्टिल आल्डमन. हे मूळचे डॉक्टर. अवकाशवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसतात, म्हणजे सगळा दाब पूर्ण पाठीवर पसरतो, हे पाहून त्यांना सुचलं की तान्ह्या मुलाला गाडीत उलटं, मागे तोंड करून बसवावं. अशा खुर्चीच्या पहिल्या नमुन्याची चाचणी १९६४ साली व्होल्वोच्या गाडीत झाली.

उलटं का, ते सांगते. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या साधारण पाव भाग असतं. मोठ्या माणसाचं सातवा-आठवा भाग. शिवाय बाळाच्या मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. गाडी समोरून आदळली की पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचं धड पट्ट्यांनी अडतं, पण ते जड डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. उलट्या खुर्चीत पाठ, मान आणि डोकं तिन्ही एकदम मागे टेकतात. ओंजळीत धरल्यासारखं. स्वीडनमध्ये चार वर्षांच्या आसपासपर्यंत मुलं अशी उलटी बसतात, आणि त्याचं तिथे कुणाला नवल वाटत नाही.

अमेरिकेत मोटार कंपन्यांनी १९६८-६९ मध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी खुर्च्या काढल्या. फोर्डची 'टॉट-गार्ड' आणि जनरल मोटर्सची 'लव्ह सीट'. १९७१ साली सरकारी नियमही आला. पण खुर्ची गाडीच्या पट्ट्याने बांधता आली पाहिजे, मुलाला पट्टे हवेत, असं त्यात होतं. खुर्ची प्रत्यक्ष आदळून बघायची अट नव्हती. पुतळा बसवून ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाने आदळायची चाचणी सक्तीची झाली १९८१ मध्ये. मधली दहा वर्षं आईबाप दुकानात जाऊन जे घेत होते, ते टिकेल की नाही हे कळायला मार्ग नव्हता.

आणि आता ताई, मांडीची गोष्ट.

टेनेसी राज्यात रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. मर्फ्रीसबरो गावी, तिथल्या काउंटीच्या आरोग्य खात्याचे प्रमुख. गाडीतल्या मुलांसाठी कायदा व्हावा म्हणून ते आणि त्यांची पत्नी आमदारांच्या मागे लागले. अखेर १९७७ साली कायदा मंजूर झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा असा हा पहिला कायदा. पण मंजूर होताना त्यात एक पळवाट घुसवली गेली: मोठ्या माणसाने मूल हातात धरलं असेल तर खुर्ची नको! युक्तिवाद ताईचाच. आईच्या कुशीपेक्षा सुरक्षित जागा कुठली? सँडर्स यांच्या बाजूचे लोक या कलमाला 'मूल चिरडणारी दुरुस्ती' म्हणत. ते काढून टाकायला १९८१ साल उजाडलं. एकदा ते गेलं आणि बाकीची राज्यंही मागोमाग आली, १९८५ पर्यंत सगळ्या ५० राज्यांत कायदा झाला होता.

त्या कलमाला इतकं कडू नाव का, ते ढोबळ हिशेबाने बघू. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने आदळणं म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखं. अर्ध्या मीटरच्या आत हा वेग शून्य झाला, तर प्रत्येक वस्तूचं वजन त्या क्षणापुरतं वीसपट होतं. आठ किलोचं बाळ म्हणजे १६० किलो. ताई, तुझी माया कितीही असो, तांदळाची पन्नास किलोची तीन पोती तू हाताने धरून ठेवू शकत नाहीस. मी नाही, आणि आपल्या आखाड्यातला पैलवानही नाही. शिवाय तू स्वतः पट्टा लावला नसशील तर तूही पुढे जाणार, आणि समोरची सीट आणि तू यांच्या मधे बाळ. दोघांभोवती एकच पट्टा लावला तर तुझा सगळा भार त्याच्यावर. कलमाच्या नावातलं 'चिरडणं' ते हेच.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि १९४बी हे कलम आलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा योग्य खुर्चीशिवाय नेलं तर एक हजार रुपये दंड. दुचाकीसाठीही नियम आहे. चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी जोडणारा पट्टा, नऊ महिन्यांपुढे हेल्मेट आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. लागू १५ फेब्रुवारी २०२३ पासून. त्याच वर्षी 'भारत एनकॅप' सुरू झालं. त्यात गाडीला मोठ्यांसाठी वेगळे आणि मुलांसाठी वेगळे तारे मिळतात. पण एक हजाराच्या दंडाने मांडी सुटेल असं मला वाटत नाही. टेनेसीतही कायदा असून ती तीन वर्षं सुटली नव्हती.

आता भाचीसाठी थोडं कामाचं. खुर्ची निवडताना वय बघू नकोस, उंची आणि वजन बघ. खुर्चीच्या लेबलवर दोन्हीची मर्यादा असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये 'दोन वर्षांपर्यंत उलटं' असं सांगितलं होतं. २०१८ मध्ये त्यांनी वयच काढून टाकलं आणि म्हटलं, खुर्चीच्या मर्यादेपर्यंत उलटं. पाय दुमडले जातात म्हणून घाईने सुलटं करू नकोस. त्यानंतर पुढे तोंड आणि पाच ठिकाणी अडकणारे पट्टे. मग उंची वाढवणारं बूस्टर, गाडीचा पट्टा खांद्याच्या मधून आणि कमरेच्या हाडांवरून जाईपर्यंत. त्याला साधारण १४५ सेंटीमीटर उंची लागते, म्हणजे शाळेची बरीच वर्षं.

गाडीत सीटच्या फटीत आयसोफिक्सच्या दोन लोखंडी कड्या आहेत का ते बघ. असतील तर खुर्ची त्यातच अडकव, चूक होण्याचा संभव कमी. बसवल्यावर बुडाशी धरून हलव, एक इंचापेक्षा जास्त हलायला नको. खांद्यावरच्या पट्ट्याला चिमटीत धरायला ढिलाई उरायला नको. आणि समोर एअरबॅग चालू असताना उलटी खुर्ची पुढच्या सीटवर कधीच नको. १९९० च्या दशकात अमेरिकेत त्यामुळे तान्ही मुलं दगावली. शेजारणीने जुनी खुर्ची देऊ केली आणि ती कधी अपघातातून गेली आहे का हे ठाऊक नसेल, तर गोड बोलून नाही म्हण.

ताई, तुझं खरं दुखणं मला कळतं. पाच तास नातू शेजारी असून हातात नाही. पण त्याची खुर्ची मागच्या सीटवर आहे आणि तिच्या शेजारची जागा तुझी आहे. उलट्या खुर्चीत त्याचं तोंड तुझ्याकडेच असेल. गाणी म्हण, खुळखुळा वाजव. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवायचीच आहे, कारण तान्ह्या मुलाला फार वेळ एका जागी बांधून ठेवू नये. साताऱ्याला चहा घेताना तो सगळा वेळ तुझ्या मांडीवर.

सध्या बाळराजे ७१ सेंटीमीटर आहेत आणि खुर्चीच्या लेबलवर १०५ लिहिलंय. उभा राहायला लागला की भाचीने दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खुणा करायच्या, असं ठरलंय. पुढची खुर्ची मी घेऊन देणार आहे.